नाझरसाहेबांचा ताजा लेख

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, पारनेर आणि कर्जतच्या मध्ये कुठेतरी लागतं, एवढं तुम्हाला पुरे. नाव सांगितलं की उद्या कुणीतरी मला नोटीस धाडणार आणि त्या नोटिशीची झेरॉक्स काढायला माझ्याच दुकानात येणार. कोर्टाच्या फाटकासमोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, लॅमिनेशन, सातबारा, प्रतिज्ञापत्र. मी वाल्मिक औटी. अठरा वर्षं लोकांच्या भांडणांच्या प्रती काढतोय, त्यामुळे माझा स्वभाव जरा तापट झालाय असं बायको म्हणते. जरा नाही, चांगलाच झालाय.

पण सांगायचं आहे ते माझं नाही, शामकांत निसळ यांचं. त्यांना त्यांच्या बायकोखेरीज सगळे नाझरसाहेब म्हणतात. चौतीस वर्षं कोर्टात नोकरी, त्यातली शेवटची नऊ नाझर म्हणून. नाझर म्हणजे कोर्टाची समन्सं, जप्त्या, बेलीफ, खुर्च्या-टेबलं आणि भिंतीवरचं घड्याळ हे सगळं ज्याच्या ताब्यात असतं तो माणूस. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात, काशीला जाऊन येतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीत उभे राहून पडतात. ह्यांनी जगाकडे लक्ष द्यायचं ठरवलं. जगाला पत्ता नव्हता ती गोष्ट वेगळी.

आमच्या इथून 'सीनाकाठ' नावाचं साप्ताहिक निघतं. त्याच्या दुसऱ्या पानावर, डावीकडचे पहिले दोन कॉलम, वर कोट घातलेला फोटो आणि खाली मथळा: 'निकाल काय सांगतो? – शामकांत निसळ, निवृत्त नाझर.' अकरा वर्षं एक आठवडा चुकला नाही. लॉकडाऊनमध्ये पेपर बंद होता तेव्हासुद्धा लेख लिहून, तारीख घालून, माझ्याकडे आणून ठेवले. टाइप मीच करायचो, पान मीच लावायचो. म्हणजे अकरा वर्षांत त्यांचा प्रत्येक शब्द वाचलेला माणूस जगात एकच, तो मी, आणि तोही नाइलाजाने.

दिल्लीचं सुप्रीम कोर्ट, मुंबईचं हायकोर्ट, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, संयुक्त राष्ट्रं, टीव्हीच्या वाहिन्या, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. आणि जग कसं बघायचे म्हणाल, तर आमच्या तालुका कोर्टातून बघायचे. दोन देश समुद्राच्या हद्दीवरून भांडत होते तेव्हा ह्यांनी लिहिलं, 'दोन्ही बाजूंनी भाषणे पुष्कळ झाली, परंतु मोजणी कोणी केली, मोजणीची नोटीस लगतच्या खातेदारांना, म्हणजे शेजारील देशांना, बजावली होती काय, याबाबतचा कागद आढळून येत नाही.' सुरक्षा परिषदेतल्या नकाराधिकारावर लिहिलं, 'पंचांपैकी एकाने सही न केल्यास पंचनामाच होत नाही, ही पद्धत आमच्याकडे असती तर एकही जप्ती झाली नसती.' मी हसलो की म्हणायचे, "हसू नकोस वाल्मिक. भांडण दोन गुंठ्याचं असो नाहीतर दोनशे मैलांचं असो, कागद लागतोच."

टीव्हीवर तर त्यांचा दात होता. चर्चेत चौघं एकदम ओरडायला लागले की बायकोला, शोभाकाकूंना, हाक मारायचे, "बघ, बघ. आमच्या कोर्टात असते तर पट्टेवाल्याने हात धरून बाहेर काढले असते चौघांना." पत्रकारितेच्या दर्जावर त्यांनी लागोपाठ तीन लेख लिहिले होते. त्यांचं म्हणणं एवढंच, की चुकीची बातमी ज्या पानावर, ज्या जागी, जेवढ्या टायपात छापली, शुद्धिपत्र त्याच पानावर, त्याच जागी, तेवढ्याच टायपात आलं पाहिजे. कोपऱ्यात नाही. लंडनच्या कुठल्याशा वृत्तसंस्थेला त्यांनी ह्या बाबतीत पत्रही धाडलं होतं, रजिस्टर, पोचपावतीसह. पोचपावती परत आली. ती माझ्याकडून लॅमिनेट करून घेतली.

आणि एक नियम होता. नक्कल हातात आल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. नक्कल म्हणजे निकालाची अस्सल प्रत. पेपरात काय आलं, टीव्हीवर कोण काय बोललं, ते त्यांच्या हिशेबी वावड्या. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला की मला त्यांच्या वेबसाइटवरून शेवटच्या पानापर्यंत छापून द्यावा लागायचा, मग घरी नेऊन शब्दकोश मांडीवर घेऊन वाचणार, मग लेख. ह्यात दोन-अडीच महिने सहज जायचे. त्यामुळे जगात जे काही घडायचं ते आमच्या तालुक्यात साधारण पुढच्या हंगामात घडायचं. जिल्ह्याचं नाव बदलल्याचं सगळीकडे झालं, बोर्ड रंगवून झाले, तरी हे राजपत्राची प्रत मिळेपर्यंत अहमदनगरच लिहीत राहिले. प्रत मिळाली त्या दिवशी अहिल्यानगर. मधे लोकांनी त्यांना दोन्ही बाजूंनी शिव्या घातल्या.

'सीनाकाठ'चे मालक, संपादक, मुद्रक, प्रकाशक सगळं काकासाहेब. मूळ धंदा फ्लेक्सचा आणि ऊसरोपांचा, पेपर आपला मानासाठी. मागच्या जानेवारीत एक दिवस दुकानात आले आणि नाझरसाहेबांच्या समोर स्टूल ओढून बसले.

"नाझरसाहेब, रागाऊ नका. तुमचं ते हेग लई शिळं लागतंय. लोक मला इचारत्यात, काकासाहेब, हे भांडान मिटलं न्हवं का?"

"मिटलं तरी निकालाचं महत्त्व मिटत नाही," नाझरसाहेब म्हणाले.

"व्हय, पन पान दोन म्हंजी मोक्याची जागा हाय. एकजन राशिभविष्य द्यायला तयार झालाय. तुमी आसं करा, कायतरी ताजं द्या. आपल्या कोर्टातलं, गावातलं. आजचा निकाल, उद्या लेख. न्हाई जमलं तर मग बघू."

'मग बघू' म्हणजे काय ते नाझरसाहेबांना कळलं. चौतीस वर्षं लोकांना तारखा देण्यात घालवलेली, त्यांना नाही कळणार? चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. आता खरं सांगतो, मीही तेच म्हटलं. म्हटलं, "द्या हो एखादा ताजा. मलाही हेग टाइप करून कंटाळा आलाय." हे मी बोललो, ते मला अजून टोचतं.

त्याच आठवड्यात मालनबाईंच्या खटल्याचा निकाल होता. मालनबाई जवळच्या वाडीतल्या अंगणवाडीत मदतनीस. पन्नाशीच्या बाई, एकोणीस वर्षं पोरांना खिचडी शिजवून घातलेली. तीन वर्षांपूर्वी पोषण आहाराची डाळ-तांदळाची पोती कमी भरली. खोलीची किल्ली त्यांच्याकडे, म्हणून आळ त्यांच्यावर आला. फिर्याद झाली, कामावरून काढलं. तीन वर्षं बाई कांदे काढायला रोजाने जात होत्या. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या की बाया हातातली पळी काढून घ्यायच्या, हे त्यांनीच मला एकदा प्रत काढताना सांगितलेलं.

नाझरसाहेब त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसले. कोर्टाने सांगितलं, आरोपी निर्दोष मुक्त. एवढंच. कारणं निकालपत्रात असतात, ती काही तिथं वाचून दाखवत नाहीत, आणि निकालपत्राची नक्कल मिळायला आठ-दहा दिवस लागतात. नाझरसाहेब बाहेर आले ते थेट माझ्याकडे. म्हणाले, "घे टाइप करायला." मी म्हटलं, "नक्कल?" ते म्हणाले, "काकासाहेबांना उद्या हवंय."

लेख सुरेख होता. हो, सुरेखच होता, अकरा वर्षांतला सगळ्यात चांगला. शीर्षक होतं, 'सुटका म्हणजे निर्दोषत्व नव्हे.' त्यात त्यांनी समजावून सांगितलं होतं की कोर्ट माणसाला दोन तऱ्हांनी सोडतं. एक, त्याने काही केलंच नाही म्हणून. दुसरी, केलं असेल नसेल, पण पुरावा कमी पडला म्हणून, ह्याला संशयाचा फायदा म्हणतात. आणि पुढे, 'आपल्या तालुक्यातील अंगणवाडी मदतनीस बाईंना न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त केले आहे. अशी मुक्तता म्हणजे सन्मानाने मिळालेले निर्दोषत्व नव्हे, आणि संबंधित कार्यालयावर त्यांना परत घेण्याचे बंधन राहत नाही.'

हे त्यांना कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. चौतीस वर्षांत अशा खटल्यांतले त्यांनी जेवढे निकाल बघितले, जेवढ्यांवर शिक्के मारले, त्या सगळ्यांत हेच वाक्य होतं. हात आपोआप लिहून गेला. मीही आपोआप टाइप केलं.

काकासाहेब खूश. "आता कसं! ह्याला म्हनत्यात पेपर." नाझरसाहेब दोन दिवस दुकानासमोरून जरा ताठ चालत गेले.

पंधरा दिवसांनी सकाळी अकराच्या सुमारास मालनबाई दुकानात आल्या. नाझरसाहेब नेहमीच्या स्टुलावर कुठलासा निकाल वाचत बसले होते. बाईंच्या हातात अंगणवाड्यांच्या तालुका ऑफिसचं पत्र होतं. परत कामावर घ्या म्हणून त्यांनी निकालाच्या नकलेसकट अर्ज केला होता, त्याला आलेलं उत्तर. मी वाचलं. 'आपली मुक्तता सन्मानपूर्वक नसल्याचे सोबतच्या वृत्तपत्र कात्रणावरून दिसून येते. तरी खुलासा करावा.' आणि खाली टाचणी लावून, सुबक कापलेले, दुसऱ्या पानाचे पहिले दोन कॉलम. फोटोतला कोट अर्धा कापला गेला होता.

आता बघा ऑफिसची अक्कल. सही-शिक्क्याची नक्कल त्याच फाइलमध्ये, त्या कात्रणाच्या खाली लावलेली. पण नक्कल चौदा पानांची आणि कात्रण दीड वीत. कोण वाचणार चौदा पानं?

"वाल्मिकभाऊ, हे कुनी लिव्हलंय?" बाई म्हणाल्या. "कोन हाय हा मानूस? मी त्याचं काय घोडं मारलं हुतं? धाव्या दिवशी नवी बाई भरायची जाहिरात काढत्यात. वीस तारीख धरलीय. त्याच्या आत माजी आर्डर न्हाई निघाली तर जागा गेली."

कात्रणावर फोटो होता, तो माणूस तीन फुटांवर बसला होता, पण फोटो अकरा वर्षांपूर्वीचा. नाझरसाहेबांनी हात पुढे केला. "नक्कल आहे का बाई तुमच्याकडे?"

बाईंनी पिशवीतून प्लॅस्टिकमधला कागद काढून दिला. नाझरसाहेब उभ्याने वाचायला लागले. मशीन चालू होतं, गिऱ्हाईक ये-जा करत होतं, ते वाचतच होते. अकराव्या पानावर आल्यावर खाली बसले. तिथं कोर्टाने लिहिलं होतं की टेम्पोवाल्याने स्वतःच उलटतपासणीत कबूल केलं, त्या महिन्यात टेम्पो वाडीत गेलाच नव्हता. माल मिळाल्याच्या चलनावरची सही बाईंची नव्हती. 'जो माल गावात आलाच नाही, तो आरोपीने नेला असे म्हणता येणार नाही. आरोपीविरुद्ध कोणताही पुरावा नाही. तिला विनाकारण गोवण्यात आले आहे.' संशय हा शब्द चौदा पानांत कुठेही नव्हता.

"बाई," नाझरसाहेब म्हणाले, "हे मी लिहिलं. चूक लिहिलं."

मालनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग कात्रणाकडे, मग परत त्यांच्याकडे. मला वाटलं आता हात उचलतात की काय. उचलला असता तरी मी अडवला नसता.

"तुमी कोर्टातले ना? मला समन्स द्यायला आलेला मानूस तुमचं नाव घ्यायचा. आदीचे नाझरसाहेब लई नेमाचे, म्हनायचा. माज्या घरी यायचं हुतं, इचारायचं हुतं. मी चहा पाजला असता आन् समदं सांगितलं असतं. कोर्टानं सोडलं मला, आन् तुमी पेपरात धरलं."

नाझरसाहेबांनी नक्कल परत प्लॅस्टिकमध्ये घातली. एवढंच म्हणाले, "मी दुरुस्त करतो. पुढच्याच अंकात."

ऑफिसात जाऊन आम्ही कल्याण नावाच्या क्लार्कला भेटलो. फाइल त्याच्याकडे. नाझरसाहेबांनी त्याला अकरावं पान उघडून दाखवलं. त्याने नम्रपणे वाचलं आणि म्हणाला, "साहेब, मला पटलं. पण कात्रण आवक रजिस्टरला चढलंय. ते आता फाइलमधून काढता येत नाही. त्याच पेपराचं दुसरं कात्रण आणा, मी ते वर लावतो." नाझरसाहेबांना हे पूर्ण पटलं. त्याच्या जागी असते तर तेही हेच बोलले असते. मला मात्र असं वाटलं की ती फाइल उचलून दोघांच्या डोक्यात घालावी.

काकासाहेब ऐकेनात. "शुद्धिपत्र? आन् तेबी पान दोनवर? लोक म्हनतील ह्यांचा पेपर खोटा. पंचायत निवडनुकीच्या जाहिराती यायचा टाइम हाय नाझरसाहेब. पान चारला ऊसरोपांच्या जाहिरातीखाली दोन वळी टाकतो, घ्या."

"नाही," नाझरसाहेब म्हणाले. "दुसरं पान, तीच जागा, तोच टाइप."

तिथून बाहेर पडल्यावर मी रस्त्यातच ओरडलो. "अहो, दोन ओळी तर दोन ओळी! कात्रण कात्रण असतं! लंडनवाल्यांना शिकवलेलं ते शास्त्र ठेवा घरी. तुमच्या टाइपाच्या उंचीपायी त्या बाईची भाकरी जाईल, कळतंय का? आज बारा तारीख आहे."

चार माणसं थांबून बघायला लागली. नाझरसाहेब मान खाली घालून चालत राहिले. फाटकापाशी आल्यावर म्हणाले, "वाल्मिक, ऊसरोपांच्या खालचं कोण वाचतं? तो कल्याण वाचेल, ऑफिस वाचेल. तिच्या वाडीतले वाचतील का? माझं पाप दुसऱ्या पानावर आहे." मग, "पण तू म्हणतोस तेही खरंच आहे. लाव पान चार."

पान मीच लावतो, हे आधी सांगितलंच आहे. आणि काकासाहेब छापायच्या आधी मोबाईलवर पहिलं पान आणि जाहिराती बघतात. नाझरसाहेबांच्या कॉलमाचा फक्त मथळा बघतात, तोही ताजं की शिळं एवढंच ठरवायला. मी म्हटलं, "साहेब, पान चार राहू द्या. तुम्ही हेग लिहा."

"आत्ता? हेग?"

"वर हेग लिहा. खाली काय लिहायचं ते लिहा."

ते तयार होईनात. खोटा मथळा म्हणजे वाचकाची दिशाभूल, दर्जा, वगैरे वगैरे. मी मशीन बंद केलं, शटर अर्धं ओढलं आणि म्हटलं, "मग बसा दर्जा घेऊन." अर्ध्या तासाने तेच परत आले, हातात कागद. मथळा होता, 'हेगच्या न्यायालयाची कार्यपद्धती: भाग सात.' पहिलं वाक्य होतं, 'हेगच्या न्यायालयातही निकालानंतर नवी गोष्ट उघडकीस आल्यास फेरविचाराची तरतूद आहे. आपल्याकडील उदाहरण पुढीलप्रमाणे.' म्हणजे मथळा खराच ठरत होता, केसाएवढा. आणि पुढचे दोन कॉलम सगळे मालनबाईंचे. अकराव्या पानावरचा उतारा जसाच्या तसा. 'मी नक्कल न पाहता लिहिले. मी लिहिलेले असत्य आहे. मालनबाई निर्दोष आहेत, कोणत्याही संशयाविना. याने त्यांचे जे नुकसान झाले त्याला मी जबाबदार आहे.' टाइप करताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मुळात त्यातला माणूस नाही.

काकासाहेबांनी मोबाईलवर पान बघितलं आणि लिहिलं, 'परत हेग? बरं, ह्या वेळी ऱ्हाऊ द्या.'

रविवारी अंक निघाला. नाझरसाहेब सोमवारी सकाळी स्वच्छ कपडे घालून बाहेर पडले. त्यांची तयारी होती. लोक तोंडावर बोलतील, कुणी हसेल, कुणी म्हणेल जगाला शिकवत होता आणि स्वतःच घसरला. दूध डेअरीवर गेले, कटिंगच्या दुकानात गेले, वकिलांच्या खोलीत जाऊन बसले. वकिलांनी त्यांना चहा दिला आणि गुडघ्याचं विचारलं. बुधवारी बाजार होता, बाजारात फिरले. एका मास्तरांनी लांबून हात केला, "नाझरसाहेब, हेगची मालिका छान चाललीय!"

दुकानात येऊन बसले तेव्हा आधीपेक्षा म्हातारे वाटले. "वाल्मिक, कुणीच वाचलं नाही रे."

मी म्हटलं, "मग चांगलंच झालं की. पहिला लेखही कुणी वाचला नसणार."

हे मी समजूत घालायला म्हटलं होतं. त्यांना ते अकरा वर्षांच्या हिशेबाने लागलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे एका माणसाने वाचला," ते म्हणाले. "आणि त्याने फाइलला लावला."

तो एक माणूस, कल्याण, खरोखरच दर आठवड्याला वाचणारा निघाला. मालनबाई नवा अंक घेऊन गेल्या तेव्हा त्याने आधीच कात्रण कापून ठेवलं होतं. म्हणाला, "मला साहेबांचं हेग आवडतं." टिपणी लिहिली, वर पाठवली. अठरा तारखेला संध्याकाळी फाइल सही होऊन खाली आली.

एकोणीसला दुपारी मालनबाई दुकानात आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, कपाळाला मोठं कुंकू. आदेशाच्या पाच प्रती हव्या होत्या. नाझरसाहेब स्टुलावर होते. बाईंनी आदेश आधी माझ्या हातात नाही, त्यांच्या हातात दिला. बाईंना अक्षर लागतं, सरकारी मराठी लागत नाही.

"साहेब, तुमीच बगा. बरोबर हाय का समदं? उद्याच्याला हजर व्हायला सांगितलंय."

ते वाचायला लागले आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाचायला लागलो. विषय बरोबर. संदर्भ बरोबर, आमची दोन्ही कात्रणं संदर्भ तीन आणि चार. शेवटी 'पूर्ववत नियुक्ती देण्यात येत आहे', तेही बरोबर. मधे तिसरा परिच्छेद. 'ज्या अर्थी, मा. न्यायालयाने संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्त केले आहे.'

कल्याणने नकाराचा मसुदा आधी करून ठेवलेला असणार. मग शेवटची ओळ तेवढी बदलली. ते वाक्य माझ्या दुकानात, माझ्या बोटांनी टाइप झालेलं, शब्द न् शब्द तेच, आता त्याच्याखाली गोल शिक्का होता.

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार एवढ्यात नाझरसाहेबांनी माझं मनगट धरलं, घट्ट. ऑफिसातली दुरुस्ती म्हणजे काय ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? अर्ज, टिपणी, मसुदा, सही, साहेब दौऱ्यावर. आणि उद्या वीस तारीख.

"का वो?" बाई म्हणाल्या. "काय चुकलंय का?"

मी अठरा वर्षं कोर्टासमोर आहे, साक्षीदार बोलायच्या आधी कसा थांबतो ते मला माहीत आहे.

"नाही," नाझरसाहेब म्हणाले. "बरोबर आहे सगळं. उद्या दहाच्या आत जा. हजर झाल्याच्या अर्जावर तारीख घाला, विसरू नका."

"आन् माजं नाव निघालं न्हवं चांगलं?"

"निघालं."

बाईंच्या तोंडावर जे हसू आलं ते बघून मला मान फिरवावी लागली. मी पाच प्रती काढल्या. त्या घेऊन बाई तिथंच उभ्या, लॅमिनेशनला आलेल्या दोघा अनोळखी माणसांना म्हणायला लागल्या, "बगा, कोर्टानं सोडलं आन् हापिसानं परत घेतलं." त्यातल्या एकाने एक प्रत हातात घेतली. नाझरसाहेब उठले, त्याच्या हातातून ती हळूच काढून घेतली, घडी घातली आणि बाईंच्या पिशवीत ठेवली.

"हे आता कुणाला दाखवत बसू नका बाई. फाइलला लावून ठेवा."

बाईंना ते आवडलं नाही. त्यांनी पिशवीतून ती प्रत परत बाहेर काढली.

"का म्हनून? तीन वर्सं तोंड लपवून हिंडले साहेब. आता तरी दावू द्या की."

बाई कागद हातात उंच धरून रस्ता ओलांडून गेल्या. समोरच्या चहाच्या टपरीवर त्यांच्या वाडीतली माणसं बसली होती. त्यातल्या एकाने कागद घेतला आणि खिशातून चष्मा काढला.